सेकंडहँड कॉम्प्युटरच्या आत नेमकं काय आहे? घेण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२०२२च्या गणपतीत माझ्या आतेभावाने लेकीच्या डिप्लोमासाठी मुंबईहून देवगडला एक जुना लॅपटॉप आणला. ‘आय५, आठ जीबी रॅम, पाचशे जीबी डिस्क’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण तो आय५ तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा होता, आणि डिस्क आतून खराब व्हायला लागलेली होती. दिवाळीच्या सुट्टीत डिस्क गेली आणि पोरीचं अख्ख्या सेमिस्टरचं काम तिच्यासोबत गेलं. घेताना दहा मिनिटं दिली असती तर हे आधीच दिसलं असतं. तेव्हापासून वाडीतलं, नात्यातलं कुणीही जुनी मशीन घेणार असेल तर आधी मला विचारतं. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

खाली जिथे अक्षरं सुटी करून लिहिली आहेत, तिथे ती इंग्रजीत, लहान लिपीत आणि सलग टाइप करायची. ‘विंडोजचं बटण’ म्हणजे कीबोर्डवर डावीकडे खाली, चार चौकोनांचं चिन्ह असलेलं.

लॅपटॉपवर प्रोसेसरचं स्टिकर आहे. तेवढं पुरत नाही का?

नाही. स्टिकर फक्त घराण्याचं नाव सांगतं, पिढी बहुतेक वेळा सांगत नाही. दुरुस्तीत कीबोर्डचा वरचा भाग बदलला असेल तर ते दुसऱ्याच लॅपटॉपचंही असू शकतं. सुटी स्टिकरं विकतही मिळतात. मशीन सुरू करून तिलाच विचारायचं, आणि बटणं स्वतः दाबायची.

सगळ्यात झटपट माहिती कुठे दिसते?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा. सीपीयूवर टिचकी मारली की वर उजवीकडे प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, आणि खाली किती कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत ते. मेमरीवर टिचकी मारली की रॅम किती, तिचा वेग किती आणि दोनपैकी किती खाचा भरल्या आहेत ते कळतं. डिस्कवर गेलात तर ती एसएसडी (आत काहीही न फिरणारी, वेगवान डिस्क) आहे की फिरणारी हार्ड डिस्क, हेही बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, म्हणून विकणाऱ्यालाही हरकत घ्यायला जागा नसते.

दुसरी जागा म्हणजे सिस्टीम इन्फर्मेशन. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत एम एस आय एन एफ ओ ३२ टाइप करा. इथे मशीनचं मॉडेल, मदरबोर्ड, बायोसची तारीख आणि एकूण रॅम एकाच पानावर दिसते. बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डवरच असलेला प्रोग्रॅम. त्याची तारीख म्हणजे मशीनची जन्मतारीख नव्हे. बायोस अपडेट केला की तारीख पुढे सरकते.

प्रोसेसरच्या नावातले आकडे कसे वाचायचे?

या पानावरची एकच गोष्ट पाठ करायची असेल तर ही करा. आय३, आय५, आय७ यावरून वय कळत नाही. वय कळतं ते त्यापुढच्या आकड्यावरून.

आय५-३३२०एम, आय५-६३००यू, आय५-८२५०यू ही नावं घ्या. आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी, म्हणून हे अनुक्रमे तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या पिढीचे. पहिला आकडा १ असेल तर दोन आकडे एकत्र वाचायचे. आय५-१०२१०यू दहाव्या पिढीचा, आय५-११३५जी७ अकराव्या, आय५-१२३५यू बाराव्या. रेघेनंतर एकूण तीनच आकडे असतील तर तो पहिल्या पिढीचा, आणि तो घेण्यात आता अर्थ नाही. सालांचा अंदाज असा धरा: चौथी पिढी २०१३, सहावी २०१५, आठवी २०१७, दहावी २०१९.

शेवटचं अक्षरही वाचा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपांतला. एच किंवा एचक्यू म्हणजे जास्त ताकदीचा, जास्त तापणारा. टी अक्षराचे प्रोसेसर ऑफिसातल्या छोट्या डेस्कटॉपमध्ये सापडतात.

सातव्या आणि आठव्या पिढीमधली रेघ मी नेहमी ठळक मारतो. आय५-७३००यूमध्ये दोन कोअर आहेत, आय५-८२५०यूमध्ये चार. एका वर्षाच्या फरकाने कोअर दुप्पट झाले. दोन्ही ‘आय५’ म्हणूनच विकले जातात.

एएमडीच्या रायझनमध्येही पहिला आकडा मालिका सांगतो, पण ७००० मालिकेच्या लॅपटॉपांत आतली रचना तिसऱ्या आकड्यावरून ओळखायची असते. रायझन ५ ७५२०यू नावावरून नवा वाटतो, आत मात्र जुनी झेन २ रचना आहे.

‘आय-सेव्हन आसा, डोळे मिटून घे’ असं विकणारा म्हणतो. घेऊ का?

डोळे उघडे ठेवून घ्या. आय७-४६००यू हा २०१३चा आय७ आहे आणि त्यात दोनच कोअर आहेत. वर सांगितलेला आय५-८२५०यू त्याच्यापेक्षा चार वर्षांनी नवा आणि कोअर दुप्पट. ‘आय-सेव्हन’ ऐकून लोक जास्त पैसे मोजतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेकदा ते पैसे मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले असतात.

विंडोज ११ चालेल की नाही हे कसं कळेल?

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे हा प्रश्न आता टाळता येत नाही. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. टीपीएम बघायला विंडोजचं बटण आणि आर दाबून टी पी एम, टिंब, एम एस सी टाइप करा. ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन’समोर २.० हवं.

मशीनवर विंडोज ११ चालू दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अटी चुकवून ते जुन्या मशीनवरही टाकता येतं, आणि मग पुढची मोठी अपडेट अडते. प्रोसेसरचा आकडा बघा, तो खरं सांगेल. विंडोजचं लायसन्स कायमचं आहे की मुदतीचं, हे बघायला त्याच चौकटीत एस एल एम जी आर, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि एक्स पी आर टाइप करा. मुदतीची तारीख दिसली तर ते एखाद्या संस्थेच्या पद्धतीने किंवा जुगाडाने चालू केलेलं आहे.

रॅममध्ये काय बघायचं? आठ जीबी म्हटलं की आठ जीबीच ना?

आकडा खरा असतो. पुढे वाढवता येईल का, हे त्याहून महत्त्वाचं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ असतं. तिथे ‘सोडिम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डवरच डाख दिलेली आहे. अशा लॅपटॉपला मोकळी खाच नसेल तर आज ४ जीबी आहे ती शेवटपर्यंत ४ जीबीच.

पट्टी डीडीआर३ आहे की डीडीआर४ हे सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘मेमरी’च्या पानावर दिसतं. दोघींच्या खाचा वेगळ्या असतात, एकीची पट्टी दुसरीत बसत नाही.

‘८ जीबी, पैकी ७.८ वापरण्याजोगी’ असं दिसलं तर घाबरू नका, थोडी रॅम ग्राफिकसाठी राखलेली असते. पण ८ पैकी तीन-सव्वातीनच वापरण्याजोगी दिसली तर विंडोज ३२ बिटचं टाकलेलं असण्याची दाट शक्यता आहे. ६४ बिटचं टाकलं की उरलेली रॅम परत मिळते.

डिस्क चांगली आहे की शेवटच्या घटका मोजतेय, हे कसं ओळखायचं?

हार्डवेअर विचारताना लोक प्रोसेसरवर अडकतात आणि डिस्कची फक्त जागा विचारतात. माझ्या पुतणीचं काम गेलं ते याचमुळे.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन जा. त्याची इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती मिळते. उघडला की वर डावीकडे डिस्कची तब्येत रंगात दिसते. निळा चांगला, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. फिरणाऱ्या हार्ड डिस्कसाठी यादीतल्या ०५, सी५ आणि सी६ या ओळी वाचा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत असलेले, सी६ म्हणजे अजिबात दुरुस्त न झालेले. शेवटच्या रकान्यात शून्यं असावीत. शून्याशिवाय काहीही असेल तर त्या डिस्कची किंमत शून्य धरून भाव करा.

एसएसडीला तिथेच उरलेल्या आयुष्याचे टक्के दिसतात.

‘पॉवर ऑन अवर्स’ म्हणजे डिस्क एकूण किती तास चालू होती तो आकडा. रोज आठ तास धरले तर २०,००० तास म्हणजे जवळपास सात वर्षं. ‘घरी वर्षभर थोडंसं वापरलं’ असं म्हणणाऱ्याच्या डिस्कवर हा आकडा असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्याचंही काय धरायचं ते तुम्ही ठरवा.

डिस्क बदलता येते, त्यामुळे खराब डिस्क हे मशीन नाकारायचं कारण नाही. प्रोसेसर आणि बाकी बोर्ड चांगले असतील तर नवी एसएसडी टाकून तीच मशीन छान चालते. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि डाख दिलेली रॅम बदलता येत नाही, डिस्क, सुटी रॅम आणि बॅटरी बदलता येते. पैसे पहिल्या गटासाठी द्यायचे.

पाचशे जीबीची डिस्क ४६५ जीबीच का दिसते?

कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. २५६ची २३८, ५१२ची ४७६ आणि एक टीबीची ९३१ दिसते. फसवणूक नाही.

‘चार जीबी ग्राफिक’ म्हणतात ते खरं का?

टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूवर टिचकी मारा. ‘डेडिकेटेड’ म्हणजे ग्राफिक कार्डची स्वतःची मेमरी, ‘शेअर्ड’ म्हणजे तुमच्याच रॅममधून उसनी घेतलेली. उसनी मेमरी धरून चार जीबी सांगणारे भेटतात. डेस्कटॉपचं सुटं कार्ड असेल तर जीपीयू-झेड चालवा. बनावट कार्ड ओळखलं तर तो प्रोग्रॅम नावाआधी तसं लिहून दाखवतो.

बॅटरी किती उरली आहे?

चार्जर काढून ‘बघा, चालतोय’ म्हणणं ही परीक्षा नव्हे. विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत सी एम डी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी, एक जागा सोडून तिरकी रेघ, त्याला लागूनच बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते, तिचा पत्ता तिथेच दिसतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. पहिली ५०,००० आणि दुसरी ३१,००० असेल तर बॅटरी ६२ टक्के उरली. आपल्याकडे पावसात लाईट तासन्‌तास जाते, त्यामुळे हा आकडा कागदावर लिहून घ्या.

समुद्राकाठच्या घरातली मशीन घ्यावी का? पुरातली असेल तर कसं कळणार?

याचं उत्तर कुठलाही प्रोग्रॅम देत नाही, डोळे आणि नाक देतात.

खाऱ्या वाऱ्यातलं मीठ धुळीसोबत मशीनच्या आत बसतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर हवा बहुतेक काळ त्याहून दमट असते. मग बोर्डवर वीज वाहून नेणारा ओलसर थर तयार होतो आणि तांबं खायला लागतो. रोज चालणारी मशीन स्वतःच्या उष्णतेने थोडी सुकत राहते. माळ्यावर किंवा बंद घरात दोन पावसाळे पडून राहिलेली मशीन कमी वापरलेली असली तरी मला जास्त धोक्याची वाटते.

टॉर्च घेऊन यूएसबी, एचडीएमआय आणि चार्जरच्या तोंडात बघा. हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर तो गंजच. खालच्या स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज आहे का ते बघा. पंख्याच्या जाळीशी नाक न्या, ओल्या गोणपाटासारखा वास आला तर मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवसांत सावित्रीने महाड बुडवलं. पुरात भिजलेल्या मशीन धुऊन-पुसून सुरूही होतात, पण गाळ कनेक्टरच्या पोटात राहतो आणि महिन्यांनी त्रास देतो. झाकण उघडल्यावर पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी, रॅमच्या खाचेच्या कोपऱ्यात आणि स्क्रूच्या भोकांत पिवळट बारीक गाळ शोधा. हातपुसणीने तिथपर्यंत पोचता येत नाही. पुरात ज्यांचं दुकान गेलं त्यांनी मशीन विकून चार पैसे उभे केले तर त्यात काही गैर नाही. भिजलेली आहे हे सांगून, त्या भावाने विकावी, एवढंच.

मशीनमध्ये विंडोजच नाही. मग तपासायचं कसं?

लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका मोफत सिस्टीमचा, पेनड्राइव्ह तयार ठेवा. रूफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने तो घरी बनवता येतो. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करा, बूट मेन्यू (मशीन कशावरून सुरू करायची ते विचारणारी यादी) उघडा आणि पेनड्राइव्ह निवडा: डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९. डिस्कला हात न लावता मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं. टर्मिनलमध्ये आय एन एक्स आय, जागा, आडवी रेघ आणि मोठा एफ टाइप केलं की प्रोसेसर, रॅम, ग्राफिक, डिस्क, बॅटरी सगळं एका पानात येतं.

मशीन सुरूच होत नसेल तर ती सुट्या भागांच्या भावाने घ्या, नाहीतर सोडा.

विंडोज खोटी माहिती दाखवू शकतं का?

हो. ‘अबाउट’च्या पानावर दिसणारं प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, बदलता येतं. सीपीयू-झेड थेट प्रोसेसरला विचारतं, म्हणून तिथलं नाव आणि विंडोजमधलं नाव जुळवून बघा. दिसायला मोठ्या पण आतून छोट्या पेनड्राइव्ह आणि एसएसडीही बाजारात असतात. एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम रिकामी जागा पूर्ण भरून, परत वाचून खरी जागा सांगतो. वेळ खूप लागतो, पण शंका असेल तर तेवढा द्या.

नवा चकचकीत डबा, दिव्यांचे पंखे, ‘आय५’ आणि भाव अगदी कमी. कसं काय?

सीपीयू-झेडमध्ये ‘मेनबोर्ड’चं पान बघा. तिथे एच६१ दिसलं तर तो दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचा बोर्ड आहे. डबा नवा, आतला आय५-३४७० मात्र २०१२चा. वाडीतल्या दुकानाचं बिलिंग आणि होमस्टेचं बुकिंग एवढंच काम असेल तर एसएसडी लावून तो चालेल, पण त्याचा भाव नव्याचा नको. बाजूचं झाकण काढून पॉवर सप्लायवरचं लेबलही वाचा. लेबलच नसेल तर आपल्या इथल्या वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजला तो डबा लावायची हिंमत मी करणार नाही.

मशीन चोरीची किंवा एखाद्या कंपनीची नाही ना, हे कसं बघायचं?

खालच्या लेबलवरचा सीरियल नंबर आणि बायोसमध्ये दिसणारा नंबर जुळला पाहिजे. डेलवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून निघाली तेव्हा आत काय होतं तेही कळतं, आणि मग काय काढलं, काय घातलं याचा हिशेब लागतो. बायोसला पासवर्ड असेल आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल तर घेऊ नका. शक्य असेल तर विंडोज रीसेट करून नेट जोडायला लावा. मशीन कंपनीच्या नावावर नोंदलेली असेल तर सुरुवातीलाच त्या कंपनीचं लॉगिन मागते.

बिल मागायला संकोच नको. बिल नसेल तर विकणाऱ्याकडून सीरियल नंबरसह लिहून, सही करून घ्या. माल चोरीचा आहे असं मानायला जागा असूनही तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

मॅकबुक असेल तर?

सफरचंदाच्या मेन्यूत ‘अबाउट धिस मॅक’. रॅम आणि साल तिथेच दिसतं. बॅटरीची सायकल संख्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बघा, बहुतेक मॉडेलना १००० ही मर्यादा आहे. जुन्या मालकाने ‘फाइंड माय’ (मशीन त्याच्या खात्याला बांधून ठेवणारी सोय) बंद करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

विकणारा मुंबईत, मी मंडणगडला. एवढ्या लांब जाऊन नकार द्यायचा का?

आधी व्हॉट्सॲपवर चार फोटो मागवा: टास्क मॅनेजरमधला सीपीयू, मेमरी आणि डिस्क, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोचं पान. प्रत्येक फोटोत स्क्रीनशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. जे लोक प्रामाणिक असतात ते पाच मिनिटांत पाठवतात. लॅमिंग्टन रोडच्या (मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार) आसपास कामाला असलेला कुणी नातेवाईक असेल तर हे पान त्याला पाठवा आणि पैसे त्याच्या हातून द्या. एसटीने किंवा रेल्वेने मशीन गावी पोचली की डिस्कचं पान परत एकदा उघडून बघा.

आमच्या शाळेला दहा जुने कॉम्प्युटर देणगीत मिळालेत. सगळ्यांची माहिती कशी काढू?

हे काम मला फार आवडतं. लिनक्स मिंटचा एकच पेनड्राइव्ह घेऊन एकेक मशीन सुरू करा. एका मशीनला दहा मिनिटं पुरतात. प्रत्येक डब्यावर क्रमांक टाका आणि वहीत त्या क्रमांकासमोर प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमचा प्रकार आणि किती पट्ट्या, डिस्कची ०५ची ओळ आणि मॉनिटर कुठल्या वायरचा आहे ते लिहा. दहाची यादी झाली की दिसतं, सात मशीन डीडीआर३च्या आहेत आणि त्यातल्या दोन बंद. त्या दोघींच्या पट्ट्या काढून उरलेल्या पाचांत वाटता येतात. मोठ्या मुलांना सोबत घ्या, त्यांना पुस्तकातला ‘प्रोसेसर’ पहिल्यांदा हातात मिळतो. क्रमांकाची चिठ्ठी बॉलपेनने लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, शाईची अक्षरं आपल्या पावसाळ्यात श्रावणापर्यंतही टिकत नाहीत.